कोंबडीच्या कानात आवडूआये काय सांगायची

फार वर्षांपूर्वी, घाटातून गाडीरस्ता उतरला त्याच्याही कितीतरी आधी, कोकणात काजरवाडी नावाची एक वाडी होती. वाडी अजूनही आहे. डोंगराच्या पोटाशी थोडीशी घरं, पुढे भाताचे कोपरे, मागे काजऱ्याचं रान, आणि घराघराच्या मागे कोंबड्यांचं खुराडं. त्या वाडीत आवडू नावाची एक बाई राहायची. लहानथोर सगळे तिला आवडूआये म्हणायचे.

तिचं काम सांगितलं तर तुमच्यातले दोघेतिघे नाक मुरडतील. मुरडा. ती कोंबड्या कापायची. बाजारच्या नव्हे, लोकांच्या घरच्या. पाहुणा आला, सण आला, कुणी आजारातून उठलं, की माणसं तिला बोलवायला जायची आणि ती यायची. एवढंच तिचं काम. काजरवाडीत देऊळ बांधणारा कोण होता ते आज कुणालाही सांगता येत नाही, विहीर कुणी खणली त्याबद्दल दोन घरांत भांडण आहे, पण आवडूआयेचं नाव मात्र शेंबडं पोरही सांगतं.

असं म्हणतात, की आवडूआयेच्या मांडीवर बसलेली कोंबडी ओरडायची नाही. पंखसुद्धा फडफडवायची नाही. आवडूआये तिच्यावर पदर घालायची, वाकायची, तिच्या कानात काहीतरी सांगायची, आणि कोंबडी डोळे मिटायची. मग सुरी. (कोंबडीला कान असतो का, असं आत्ता कुणीतरी विचारणारच. असतो. डोळ्याच्या मागे, पिसांच्या खाली, बारीकसं भोक असतं. घरी जाऊन बघा.)

तर ती कानात काय सांगायची? या एका गोष्टीवर काजरवाडीने जेवढा विचार केला आहे, तेवढा पावसापाण्यावरही केला नसेल. कुणी म्हणायचं मंत्र आहे. कुणी म्हणायचं, ती कोंबडीची भाषा बोलते. एक म्हातारा छातीठोकपणे सांगायचा, की ती फक्त फुंकर मारते. मला स्वतःला लहानपणी वाटायचं, की ती अंगाई म्हणत असेल. पण आधी सुरुवातीपासून ऐका.

आवडू नवी नवरी होऊन काजरवाडीत आली तेव्हा तिथली रीत निराळी होती. रीत कसली, दंगाच. कोंबडी कापायची ठरली की घरातली सगळी पोरं काठ्या घेऊन तिच्या मागे लागायची. कोंबडी कुंपणाखालून, गोठ्यातून, शेजारच्या परसातून पळायची. पोरं खिदळायची, म्हातारे ओसरीवरून दिशा सांगायचे. शेवटी ती कुठेतरी कोपऱ्यात सापडायची, छाती धापा टाकत असायची, आणि जो हाताशी असेल तो बोथट कोयता घेऊन पुढे व्हायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आवडूच्या सासरी पहिल्या सणाला असंच झालं. तिचा दीर कोयता घेऊन बसला, घाव अर्धाच बसला आणि कोंबडी त्याच्या हातातून सुटली. ती तशीच घरात शिरली आणि नव्या नवरीच्या पायाशी येऊन पडली, कारण गेले काही दिवस तिला दाणे टाकत होती ती आवडूच. त्या दुपारी पानात वाढलेलं आवडूने तोंडात घातलं नाही. सासूने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आये, ती माझ्याकडे इली. मी वाचवतलंय म्हणान इली."

 सासूनेही आपलं पान बाजूला सारलं, असं म्हणतात.

दुसरी एखादी असती तर तिने कोंबडी खाणं सोडलं असतं. आवडूने तसं केलं नाही. वाडीला कोंबडी लागणारच होती, तिलाही आवडायची. तिला प्रश्न पडला तो वेगळाच. कोंबडी मरायचीच आहे, तर तिला भ्यायला कशाला लावायचं? मग आवडूने दाणे टाकणं सासूवर सोडलं आणि ती कोंबड्या बघायला लागली. काम आटोपलं की खुराड्यापाशी जाऊन बसायची. कोंबडी कशाने दचकते, कशाने शांत होते, अंधार पडल्यावर तिचं काय होतं, पोटाशी धरलं की काय, पाठीवर हात फिरवला की काय. सासरची माणसं म्हणाली, सुनेला वारं लागलं. तिने लक्ष दिलं नाही. बरेच दिवस असे गेल्यावर एकदा घरात कोंबडी कापायची वेळ आली, तेव्हा आवडू दिराला म्हणाली, "आज माका द्या."

त्या दिवशी घरात कोंबडीचा आवाज झालाच नाही. सासू चुलीपुढून ओरडली, "अगो, कधी कापतंस?" आणि आवडू कोंबडी घेऊन दारात उभी होती. काम केव्हाच झालं होतं.

वाडीला हे कळायला वेळ लागला नाही. आणि हळूहळू तिच्या रीती सगळ्यांना पाठ झाल्या, कारण त्या मोडल्या तर ती आल्या पावली परत जायची. कोंबडी आदल्या संध्याकाळीच, खुराड्यात झोपायला आली की, अलगद उचलून डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवायची. तिला रात्री दाणे द्यायचे नाहीत, पाणी मात्र भरपूर ठेवायचं. सकाळी तिच्यामागे धावायचं नाही, आणि धावून दमलेल्या कोंबडीला आवडूआये हातही लावणार नाही. सुरीला आदल्या दिवशी नदीच्या दगडावर धार लावायची. बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड बसायचं. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आवडूआये एका घावात काम करायची आणि शेवटची थरथर थांबेपर्यंत त्या पिसांवरचा हात काढायची नाही.

त्या कोंबडीचं मटण ती कधी नेत नसे. एक पीस तेवढं घ्यायची आणि घरी जाऊन छपराच्या गवतात खोचायची. वर्षानुवर्षं पिसं खोचून तिचं छप्पर पांढरं, तांबडं, करडं, काळं झालं होतं. असं म्हणतात, की भर आषाढात सगळ्या वाडीची छपरं गळायची, पण तिच्या घरात थेंब पडायचा नाही.

आणखी दोन रीती होत्या. त्या नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच अडलं.

पहिली ही, की ज्याने कोंबडीला दाणे टाकले त्याने तिच्यावर सुरी धरायची नाही. ती त्या हाताकडे विश्वासाने येते. त्या हाताने तिला फसवायचं नाही.

दुसरी ही, की आवडूआये दारात आली की उंबऱ्याबाहेर उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "कोणासाठी?" घरच्याने उत्तर द्यायचं. जावयासाठी. तापातून उठलेल्या पोरासाठी. शेतावरच्या गड्यांसाठी. उत्तर मिळालं की ती आत यायची. उत्तर चांगलंच पाहिजे असा तिचा हट्ट नव्हता. गणू राऊळ नावाचा एक खादाड माणूस होता. तो एकदा मान खाली घालून म्हणाला, "माझ्यासाठीच गो आये. तोंडाक चव नाय." आवडूआये म्हणाली, "खरा बोललंस," आणि आत जाऊन पदर खोचून बसली. खोटं तेवढं तिला चालत नव्हतं.

आता पांडू मेस्ताकडे येऊ.

पांडू मेस्त हा वाडीचा सुतार. हाताला कसबी, पण भलता चौकस. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची म्हैस कधी विणार, देवळातली घंटा आतून कशी आहे, सगळं याला कळलं पाहिजे. आवडूआये कोंबडीच्या कानात काय सांगते, या प्रश्नाने तर त्याची झोप उडवली होती. वाडीत कुठेही तिला बोलावणं आलं, की पांडू हातातला रंधा टाकून निघायचा आणि कुंपणाच्या आडून बघत बसायचा. ती कुठला पाय दुमडते, पंख कसे जुळवते, मानेखाली बोट कुठे ठेवते, सुरी पदराच्या कुठल्या बाजूला लपवते, सगळं त्याला दिसायचं. फक्त शब्द ऐकू यायचे नाहीत. ती वाकायची, ओठ हलायचे आणि पांडू कपाळावर हात मारायचा.

शेवटी त्याने ठरवलं, की आपल्याच घरी बोलवायचं आणि जवळ बसायचं. त्याच्याकडे एक तांबडा कोंबडा होता, ऐन भरातला. त्याला त्याने रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी डालग्याखाली घातलं. सकाळी आवडूआये आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"कोणासाठी?"

पांडूने हे आधीच ठरवून ठेवलं होतं. "मामा येतलो हा," तो म्हणाला. "मामासाठी."

कुणी मामा येणार नव्हता. पांडूला मामाच नव्हता.

आवडूआये आत आली, कोंबडा मांडीवर घेतला, पदर घातला, वाकली. पांडूने श्वास रोखून कान पुढे केले. आणि पदराखालून कोंबड्याने मान बाहेर काढली. त्याने पांडूकडे टक लावून बघितलं. आवडूआयेने पुन्हा पदर घातला, पुन्हा वाकली. कोंबड्याने पुन्हा मान काढली आणि भर सकाळी असा काही आरवला, की वरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"पांडू," आवडूआये म्हणाली, "मी परत इचारतंय. कोणासाठी?"

"मामासाठी," पांडू म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता.

आवडूआयेने कोंबडा मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला. "मांडयेवरसून खाली ठेवलेल्या कोंब्याक आता कोणी हात लावूचो नाय," ती म्हणाली. "तो सुटलो." सुरी पदरात गुंडाळून ती निघून गेली.

तो कोंबडा पांडूच्या परसात राहिला. वाडीने त्याचं नाव ठेवलं मामा. पांडू रस्त्याने निघाला की माणसं विचारायची, "काय रे पांडू, मामा बरो असा मां?" असं म्हणतात, की तो कोंबडा पांडूच्या पोरांची लग्नं होईपर्यंत जगला आणि रोज पहाटे पांडूच्याच उशाशी येऊन आरवला. पांडू त्याला शिव्या घालायचा आणि ओंजळभर दाणेही घालायचा. कुंपणाआडून बघणं मात्र त्याने सोडलं नाही.

वर्षं गेली. आवडूआयेचे केस पिकले. तिचा नवरा वारला, मुलगा गलबतावर गेला आणि समुद्रातून परत आला नाही. घरात उरली ती आणि तिची सून सुंदरा. सुंदराला दिवस गेलेले होते. आणि एक कोंबडी होती, काबरी नावाची. करड्या अंगावर पांढरे ठिपके. अंडं फुटलं तेव्हा पिल्लू मरतुकडं होतं, आईने त्याला टाकलं होतं. आवडूआयेने ते हाताच्या तळव्यात धरून ऊब देऊन जगवलं. काबरी तिच्या मागे मागे फिरायची. ती विहिरीवर गेली की विहिरीवर, शेतात गेली की बांधावर. संध्याकाळी आवडूआये ओसरीवर बसली की काबरी उडी मारून मांडीवर यायची आणि झोपायची.

त्या वर्षी कोंबड्यांना मर लागली. सकाळी धडधाकट दिसलेली कोंबडी संध्याकाळी मान टाकायची. मेलेल्या कोंबड्या वाडीने दूर रानात नेऊन पुरल्या. घराघरातली खुराडी रिकामी झाली. पहाटे एकाच कोंबड्याचं आरवणं उरलं. सगळ्या काजरवाडीत दोनच पाखरं वाचली. एक मामा, तो कशालाच दाद देत नव्हता. आणि दुसरी काबरी.

अशात सुंदरा बाळंत झाली. मुलगी झाली. पण सुंदराला ताप भरला, अंगात त्राण राहिलं नाही, दूध येईना. मूल रडून रडून थकलं आणि मग त्याचं रडणंही बारीक होत चाललं. गोदा सुईण दोन दिवस तिथेच बसून होती. ती आवडूआयेला बाजूला घेऊन म्हणाली, "आवडू, हिच्या पोटात कायतरी जावक व्हया. कोंबडयेचो रस्सो दी. नायतर दोघांयची आशा सोड."

आवडूआयेने दाराबाहेर बघितलं. काबरी ओसरीवर बसली होती.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अहो, अडलं तिच्याच रीतीवर. काबरीला दाणे टाकणारा हात आवडूआयेचा होता. आणि सगळ्या वाडीत कोंबडीला न भिववता नेणारा हातही तोच होता. काबरी तिच्या मांडीवर क्षणात झोपली असती. पदराचीही गरज नव्हती. आवडूआयेला नेमकं तेच नको होतं. तिला ती पहिल्या सणाची, पायाशी येऊन पडलेली कोंबडी आठवत होती.

तिने आधी गोदा सुईणीला विचारलं. गोदा दोन पावलं मागे सरली. "माझ्या हातात पोरां येतत गो. ह्या माझ्या हातान होवचा नाय." मग ती दिराकडे गेली. दीर आता म्हातारा झाला होता, त्याने आपले थरथरते हात पुढे करून दाखवले. गणू राऊळ म्हणाला, की आयुष्यभर मी नुसता खातच आलो, मला धरताही येत नाही. ती दारोदार फिरली. सगळ्यांना वाईट वाटत होतं, सुंदरा सगळ्यांचीच लाडकी होती. पण इतकी वर्षं सगळ्यांनी ते काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि वाडीच्या हातातून ते साफ निघून गेलं होतं. जो तो म्हणत होता, माझ्याने धड होणार नाही, अर्धाच घाव बसेल. आणि ते खरंच होतं. तेव्हा आवडूआयेला पहिल्यांदा कळलं, की आपण कुणालाच काही शिकवलेलं नाही.

ती घरी परतली. संध्याकाळ झाली होती. तिने काबरीला उचललं, डालग्याखाली ठेवलं, पाणी ठेवलं, दाणे ठेवले नाहीत. नदीवर जाऊन सुरीला धार लावली. मग ती सुंदराच्या उशाशी बसून राहिली. तिने मनाशी काय ठरवलं होतं ते कुणालाच माहीत नाही.

फटफटलं तेव्हा दारात कुणाचीतरी चाहूल लागली. पांडू मेस्त उभा होता, काखेत मामाला घेऊन.

"आये, ह्याका घे," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "म्हातारो झालो हा, पण रस्सो होयत."

आवडूआयेने मामाच्या मानेवरून बोट फिरवलं. "तो सुटलो हा, पांडू. सुटलेल्याक परत धरूचा नाय."

पांडूने मामाला खाली ठेवलं. मामा ऐटीत अंगणात फिरायला लागला. पांडू जागचा हलला नाही. मग तो चाचरत म्हणाला, "मगे माका दी. मी धरतंय. तुझा सगळा बघलंय मी. खयचो पाय, खयचा बोट, सुरी खयच्या कुशीक. सगळा माका पाठ असा. कुंपणाआड बसान बघलंय." मग ओशाळून म्हणाला, "फक्त मंत्र माका ठाऊक नाय."

 आवडूआये आत गेली, सुरी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. पांडू आत यायला निघाला आणि थांबला. तो मागे सरला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याने विचारलं,

"कोणासाठी?"

सगळा जन्म जो प्रश्न तिने दुसऱ्यांना विचारला, तो तिला कुणी कधी विचारला नव्हता. तिला वाटलं होतं, यात अवघड काय, नाव तर घ्यायचं असतं. आणि आता तिच्या तोंडातून नाव निघेना. आतून मूल कुरकुरलं, तेही अगदी हळू. आवडूआयेने उंबऱ्यावर हात टेकला आणि ती खाली बसली. इतकी वर्षं माणसं आपापल्या दारात उभी राहून मान का खाली घालायची, ते तिला तेव्हा समजलं. ती रडली. पांडू थांबून राहिला, त्याने घाई केली नाही.

"सुंदरासाठी," शेवटी ती म्हणाली. "आणि तिच्या चेडवासाठी. आणि माझ्यासाठी, पांडू. माका घरात एकटा रवाचा नाय."

"खरा बोललंस," पांडू म्हणाला, आणि आत आला.

तो घरामागे बसला. उजवा पाय दुमडला, काबरीला मांडीवर घेतलं, पंख जुळवले. आपल्या खांद्यावरचा पंचा त्याने तिच्या डोळ्यांवर घातला. काबरीची छाती धडधडत होती, मांडी ओळखीची नव्हती. पांडूने मान वर केली. "आये, आता तरी सांग. कानात काय सांगूचा?"

आवडूआये भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "मी आत्ता तुका सांगलंय, ताच."

"ताच? आणि मंत्र?"

"मंत्र खयचो! ज्याच्यासाठी कापूचा, त्याचाच नाव तिका सांगूचा. तिचो जीव जाता. तिका नको कळूक?"

ज्या गोष्टीसाठी पांडूने अर्धं आयुष्य कुंपणाआड काढलं, ती एवढीच होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी तो हसला असता. त्या दिवशी तो वाकला, आणि त्याला दिसलं, की ते नाव कोंबडीच्या कानात घालणं हेच सगळ्यात कठीण काम आहे. सुरी त्यापुढे काहीच नव्हती. मामाच्या वेळी आपलं खोटं आवडूआयेने त्या कोंबड्याला सांगितलं होतं, हेही त्याच्या ध्यानात आलं आणि तो मनातून शरमला. त्याने ओठ काबरीच्या डोळ्यामागच्या पिसांशी नेले. "सुंदरासाठी गो," तो म्हणाला. "तिच्या चेडवासाठी. आणि आवडूसाठी."

असं म्हणतात, की काबरीची धडधड थांबली. तिने मान पांडूच्या मनगटावर टेकली आणि डोळे मिटले.

एकच घाव बसला. शेवटची थरथर जाईपर्यंत पांडूने पिसांवरचा हात काढला नाही.

गोदा सुईणीने रस्सा केला आणि सुंदराला घोट घोट पाजला. त्या दिवशी पाजला, दुसऱ्या दिवशी पाजला. ताप उतरला. दूध आलं. मूल इतक्या जोरात रडलं, की मामा दचकून छपरावर चढला, आणि वाडीतली माणसं कामं टाकून हसत सुटली. पांडूने काबरीचं एक ठिपक्यांचं पीस आणून आवडूआयेला दिलं. तिने ते छपरात खोचलं नाही, पाळण्याच्या दोरीला बांधलं.

त्यानंतर आवडूआयेने वाडीतल्या ज्याला त्याला शिकवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातून पिल्लं आणली, खुराडी भरली, आणि घराघरातून एकेक माणूस तिच्या ओसरीवर येऊन बसायचा. गणू राऊळसुद्धा शिकला. त्याला धरता यायचं नाही, तरी शिकला.

आवडूआये गेली ती पिकल्या केसांनी, झोपेतच. असं म्हणतात, की त्या पहाटे काजरवाडीतला एकही कोंबडा आरवला नाही. सगळे खुराड्यात पंख मिटून, मान आत घालून बसून राहिले. आणि गाव झोपलेलंच राहिलं. गाई दुधाच्या वेळी हंबरत होत्या, उन्हं ओसरीवर आली होती आणि माणसं घोरत होती. पहिला जागा झाला पांडू मेस्त, कारण त्याच्या उशाशी त्या दिवशी कुणी आरवलं नव्हतं. तो उठला, बाहेर आला, उन्हाकडे बघितलं आणि समजला. तिच्या छपरातली पिसं त्या दुपारी वाऱ्याबरोबर उडाली. कुणी म्हणतं ती समुद्राकडे गेली, कुणी म्हणतं काजऱ्याच्या रानात. तिकडच्या काजऱ्याला त्या वर्षी अवेळी फुलं आली होती म्हणतात. मी काही बघितलेली नाहीत.

काजरवाडीत आज बऱ्याच घरांवर स्लॅब आहे. दोनतीन घरांत फ्रिजही आहे, आणि नाक्यावरच्या दुकानात सोललेली कोंबडी पिशवीत घालून मिळते. पण घरच्या कोंबडीला अजून घरचा माणूस सुरी लावत नाही. तिला आदल्या संध्याकाळी डालग्याखाली ठेवतात, दाणे देत नाहीत, पाणी ठेवतात. पोरं तिच्यामागे धावली तर म्हातारी माणसं अजून काठी उगारतात. सकाळी शेजारच्याला बोलावतात. शेजारी येतो आणि उंबऱ्याबाहेर थांबतो. कितीही घाई असो, पाऊस असो, तो विचारल्याशिवाय आत येत नाही. घरच्याने नाव सांगायचं. मग शेजारी वाकतो आणि तेच नाव पुढे सांगतो. काम झालं की एक पीस दारावर खोचतात, स्लॅबच्या घरात टाकीच्या पाइपाला बांधतात. नाक्यावरचा दुकानदार परगावचा आहे. तो सांगतो, की काजरवाडीची माणसं त्याच्या पिंजऱ्यापाशीसुद्धा खाली वाकून काहीतरी पुटपुटतात आणि मगच पुढे होतात. त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याला कुणी सांगितलं नाही. आता तो विचारतही नाही, ते वाकले की तराजू खाली ठेवून उभा राहतो.

आणि ती मुलगी? ती वाढली, काजरवाडीतच तिचं लग्न झालं, तिला पोरं झाली, त्यांना पोरं झाली. त्यांच्यापैकीच एका घरात माझा जन्म झाला. काबरीच्या कानात पांडू मेस्ताने तीन माणसांची नावं सांगितली. माझं नाव तेव्हा कुठे होतं, पण रस्सा माझ्यापर्यंत पोचला. म्हणून माझ्या दारात शेजारी येऊन उभा राहतो तेव्हा मलाही लगेच उत्तर देता येत नाही. तो थांबतो. काजरवाडीत त्या वेळी कुणी कुणाला घाई करत नाही.